अक्षरांची मजुरी

लेखनिकाचा व्यवसाय आपल्या घरांना परका नाहीं. पेशव्यांच्या दप्तरापासून इंग्रजी अमदानींतील कचेऱ्यांपर्यंत कित्येक कुटुंबांची चूल लेखणीवरच पेटली. आज बोरूची जागा संगणकाच्या कळफलकानें घेतली असून पदवीधर मुलें व सुना 'डेटा एण्ट्री'चें काम करितात. 'नुसतीं बोटें बडवायचीं, यांत विद्या ती कसली?' असा शेरा वडीलधाऱ्यांकडून सहज निघतो. तो कितपत न्याय्य आहे?

सातबाराच्या उताऱ्याचेंच उदाहरण घ्या. गांवनमुना सातमध्यें जमिनीवरील हक्कांची व बारामध्यें पिकांची नोंद असते. हे नमुने महाराष्ट्रांत संगणकावर उतरविण्यांत आले. नांव, गट क्रमांक, क्षेत्र, आकार, फेरफार. रकान्यामागून रकाना, खात्यामागून खातें. नावीन्य म्हणून नाहीं. परंतु ०.४० हेक्टरचे ०.०४ झाले, कीं चाळीस आरांचा धनी कागदोपत्रीं चार आरांचा होतो. अशा चुकीस 'लेखनप्रमाद' असें सौम्य नांव आहे, आणि जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वयें ती दुरुस्तही होते. पण हेलपाटे शेतकऱ्याच्याच नशिबीं येतात. म्हणूनच एकानें भरलेला मजकूर दुसऱ्यानें पुन्हां भरून ताडून पाहण्याची रीत छिद्रपत्रांच्या काळापासून चालत आली आहे. यंत्र वेगवान् झालें, तरी अवधान माणसाचेंच लागतें.

या कामाचे गुण आहेत. तें लौकर शिकतां येतें, दिवसाचें माप डोळ्यांसमोर असतें, आणि कचेरी सुटली कीं चिंताही तेथेंच राहते. सायंकाळीं वाचन-गायनास मन मोकळें असतें. दोषही थोडे नाहींत. मान, मनगट व डोळे शिणतात. नगावर मजुरी असली, तर विसांवा घेणें म्हणजे पैसे गमावणें होय. बढतीची वाट अरुंद, आणि छापील मजकूर यंत्र स्वतःच वाचूं लागल्यामुळें कामही आटत आहे. त्यांत 'घरबसल्या डेटा एण्ट्री'च्या जाहिराती! आधीं अनामत रक्कम मागणें, मग चुका दाखवून कोर्टाची धमकी देणें, हा लबाडांचा ठरलेला मार्ग. काम देण्यापूर्वीं जो पैसे मागतो, त्यास दारांतूनच निरोप द्यावा.

ही कष्टाची कहाणी नवी नव्हे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक पाठ, कंबर व मान मोडल्याची तक्रार करून ग्रंथ जपण्याची विनवणी करीत. समर्थांनीं तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला. ज्या परंपरेनें अक्षराला एवढा मान दिला, तिच्या वारसांनीं अक्षरें भरणाऱ्यास हिणवावें, हें शोभत नाहीं.

तेव्हां घरांतील मूल हें काम करीत असेल, तर मधून मधून उठून दूरवर दृष्टि टाकण्यास त्याला सांगावें. फावल्या वेळांत हिशेबाची अथवा दुसरी एखादी विद्या शिकण्यास उत्तेजन द्यावें. आणि सायंकाळीं तें थकून आलें, म्हणजे 'बसून तर काम!' एवढे शब्द मात्र तोंडांतून काढूं नयेत.