गाडीतली डुलकी

आज बोलू या गाडीत लागणाऱ्या डुलकीबद्दल.

बँकेत हप्ता भरायला जायचं असो की बाजाराला, खिडकीशी जागा मिळाली की आपले डोळे मिटतात. लोक हसतात, "टेकली नाही की झोपली!" पण ही झोप आळसाची नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, पुरुष 88 मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास बिनपगारी. त्यात रोवणीचे दिवस असले की बांधीतलं काम वेगळंच. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. ती घरी मिळाली नाही, की शरीर गाडीत वसूल करतं.

गाडीतच का? बाळाला पाळण्यात झोप लागते, त्याच कारणाने. एकसारखं हलणं आणि एकसारखा आवाज यांनी झोप लवकर लागते. शिवाय दुपारी एक ते तीन शरीर आपोआप सुस्तावतं.

डुलकी वाईट नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांबच्या विमानातल्या वैमानिकांना आळीपाळीने झोपू दिलं. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. आपणही वीस-पंचवीस मिनिटंच झोपावं. त्यापुढे गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड होतं. चार वाजल्यानंतर झोपलं तर रात्रीची झोप मोडते.

आता सावधगिरी. अर्जुनीला उतरायचं आणि जाग वडशाला आली, तर जिल्हाच बदलला! म्हणून मोबाइलमध्ये गजर लावा. शेजारच्या बाईला किंवा एसटीत कंडक्टरला उतरायचं गाव आधीच सांगा. स्टेशन चुकलं म्हणून साखळी ओढू नका. रेल्वे कायद्यात विनाकारण साखळी ओढणं गुन्हा आहे. पुढच्या स्टेशनवर उतरून तिकीट तपासनिसाला स्वतःहून सांगा. गटाचे पैसे सोबत असतील तर दोघी जा आणि वैमानिकांसारखं आळीपाळीने झोपा. पिशवीचा पट्टा हाताला गुंडाळा, पासबुक आणि पैसे वेगवेगळे ठेवा. कोणी त्रास दिला तर रेल्वेत 139 आणि कुठेही 112 लावा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रात्री पुरेशी झोप होऊनही रोज गाडीत डोळे मिटत असतील, चढण चढताना धाप लागत असेल, तर रक्त कमी असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली नसावं. आपल्या भागात सिकलसेलही आहे. म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही तपासण्या करून घ्या.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एकमेकींना विचारा, "रात्री किती तास झोपतेस?" जिचं उत्तर पाच तासांच्या आत येईल, तिच्या घरचं कोणतं काम दुसरं कोणी करू शकतं, ते तिथेच बसून ठरवा.