वरातीतला क्लॅरिओनेट मैफलीत कसा पोचेल?

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बँड सुरू झाला की लहान पोरे धावतात ढोलवाल्याकडे. पण गाणे कोणते चालले आहे हे आपल्याला कळते ते क्लॅरिओनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटमुळे. तरीही ती वाद्ये वाजवणाऱ्याला वस्तीत नाव एकच, ‘बँडवाला’. माझ्या भाच्याचे ठरत आलेले लग्न या एका शब्दावर मोडले, म्हणून हा विषय लिहायला घेतला.

भाचा दहा वर्षे बँडमध्ये आहे. शेकडो गाणी तोंडपाठ. गेल्या वर्षी एका ऑर्केस्ट्रात जागा असल्याचे कळले, तेव्हा मीच त्याला घेऊन गेलो. तिथल्या संचालकांनी गाणे मागितलेच नाही. “एकच सा लाव. हळू सुरू कर, मोठा कर, परत हळू करत संपव,” म्हणाले. भाच्याचा सूर मध्येच फाटला. मग समोर नोटेशनचा कागद आला, तो वाचता येईना. परतीच्या लोकलमध्ये पोरगा गप्प. घराशी आल्यावर एवढेच म्हणाला, “मामा, मग दहा वर्षं मी वाजवलं काय?”

याचे उत्तर पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी दिले. रस्त्यावर ताशा-ढोलाच्या वर आवाज काढायचा म्हणून आमची पोरे जोराने फुंकतात आणि दातओठ आवळतात. त्याने सूर चढतो आणि कर्कश होतो. मास्तरांची परीक्षा सोपी आहे. ऑल्टो सॅक्सोफोनचा नुसता माउथपीस फुंकायचा. पेटीवरच्या पांढरी सहाच्या आसपास सूर आला तर ठीक, वर गेला तर ओठ आवळले गेले म्हणून समजा. भाच्याचा बराच वर गेला!

मग त्यांनी गाणी बंदच करायला लावली. रोज अर्धा तास फक्त लांब सूर. श्वास पोटातून, गाल फुगवायचे नाहीत, आणि आवाज जितका लहान करता येईल तितका लहान. मोठा आवाज कोणीही काढतो, लहान आवाजात सूर स्थिर ठेवणे हीच खरी तयारी. मला वाटते, एका खोलीच्या घरात हे आपल्याला सोयीचेच आहे. “जागा नाही, रियाज कुठे करू?” ही तक्रार मी फार ऐकली आहे. हळू वाजवायचे असेल तर जागा पुरते.

दुसरी अडचण बोटांची. दोन्ही वाद्ये एकाच पत्तीची, म्हणून पुष्कळांना ती सारखी वाटतात. सॅक्सोफोनची नळी पुढे रुंद होत जाते. वरची चावी दाबली की सा चा तार सा होतो. क्लॅरिओनेटची नळी जवळजवळ सरळ. तिथे तीच बोटे ठेवून अंगठ्याची चावी दाबली तर सा चा निघतो पुढच्या सप्तकातला पंचम! त्यामुळे मधल्या एका जागी, जवळजवळ सगळी भोके उघडी असताना, पुढच्या सुरासाठी एकदम सगळी झाकावी लागतात. तिथे हमखास चिरका आवाज येतो. मास्तरांची युक्ती अशी की खालच्या हाताची बोटे आधीच झाकून ठेवायची. तेवढेच दोन सूर भाच्याने महिनाभर घोटले. मींडसुद्धा क्लॅरिओनेटवर भोकावरून बोट सरकवून निघते. सॅक्सोफोनला भोकांवर पॅड, तिथे काम ओठांवर आणि गळ्यावर येते.

नोटेशनची भीती मात्र उगाच आहे. चाळीत हिशेबाची वही लिहिणारा माणूस पाच रेघा वाचू शकतो. लक्षात एवढे ठेवायचे की बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, आणि ऑल्टोवर काळी दोन. पत्ती एकच तुटेपर्यंत वापरू नये. तीन-चार पत्त्या आलटून पालटून वापराव्यात, पुसून सपाट ठेवाव्यात. वाद्य आतून कापडाने कोरडे करावे, नाहीतर पॅड कुजतात.

बँडमधून वर कोणी गेले का, असे विचारणाऱ्यांसाठी दोन नावे. मनोहारी सिंग कलकत्त्याजवळच्या बाटा कंपनीच्या बँडमधून आले. १९५८ साली मुंबईत येऊन ते सिनेसंगीतातले आघाडीचे सॅक्सोफोनवादक झाले आणि पुढे आर. डी. बर्मन यांचे सहायक. २०१० साली ते वारले. दुसरे मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ. वडील नादस्वरम वाजवत. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याचा ध्यास घेतला. कर्नाटक संगीतातली गमके त्या वाद्यातून काढायला त्यांना कित्येक वर्षे लागली. १९९४ साली ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजले, २००४ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे निधन २०१९ साली झाले.

सगळेच तिथवर जाणार नाहीत, हे मला कळते. पण पोलीस भरतीत बॅण्ड्समनची पदे निघतात, आणि तिथे वाजवून दाखवावे लागते. भाच्याची तयारी आता त्या दिशेने चालली आहे. लग्नसराईत तो बँडलाही जातोच, घर चालायला हवे.

रोज रात्री साडेनऊला तो खिडकीपाशी बसतो. परवा शेजारच्या आजींनी बहिणीला विचारले, “पोरानं वाजवायचं सोडलं की काय गं? हल्ली ऐकू येत नाही.”