लाकडाची मोटार आणि हुन्नराची किंमत

मोटार म्हटली की पत्रा, रंग आणि इंजिन डोळ्यांपुढे येते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एक श्रीमंती मोटार निघाली, तिची दारे आणि मागची डिकी चक्क सुतारकामाची होती. तिचे नाव क्रायसलर टाऊन अँड कंट्री. सन १९४६ मध्ये तिची उघड्या टपाची गाडी सुमारे २,७०० डॉलरला नवी मिळत होती. तीच गाडी नीट दुरुस्त होऊन लिलावात आली तेव्हा एक लाख डॉलरहून अधिक बोली लागल्याची उदाहरणे आहेत. आम्ही कापडाच्या धंद्यातले, मोटारीचे जाणकार नव्हे. पण एवढी किंमत नेमकी कशाची, हा सवाल प्रत्येक व्यापाऱ्याने आणि कारागिराने विचारावा असा आहे.

जुन्या मालाला नवी किनार

फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारी बनविणे बंद झाले आणि कारखाने युद्धाच्या कामाला लागले. सन १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे होते, पण कारखान्यांकडे साचे जुनेच होते. नवा साचा म्हणजे वेळ आणि मोठे भांडवल. क्रायसलरने मग जुन्याच घडणीच्या गाडीला लाकडाचा साज चढविला. टाऊन अँड कंट्री हे नाव कंपनीने १९४१ मध्ये लाकडी बांधणीच्या स्टेशन वॅगनला दिलेले होते. तेच आता ऐषारामी गाडीला मिळाले. उघड्या टपाच्या गाडीत आठ सिलिंडरचे १३५ हॉर्सपॉवरचे इंजिन होते.

लाकडाचे भाग आर्कन्सा राज्यातील हेलेना येथे, पेकिन वुड प्रॉडक्ट्स या कारखान्यात तयार होत. चौकट पांढऱ्या ॲश लाकडाची. हे लाकूड चिवट, सरळ रेषेचे आणि धक्का सोसणारे. चौकटीच्या मधल्या भागाला महॉगनीचे पातळ विनिअर. फिकट चौकट आणि लालसर तपकिरी फळी अशी रंगसंगती दुरून ओळखू येई. सांधे असे की दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत. हे लाकूड नुसते शोभेचे नव्हते, दाराचा आणि डिकीचा भार त्यावरच होता.

छापील लाकूड

अडचण पुढे आली. पत्रा साच्यातून निघतो तो प्रत्येक वेळी एकसारखा. लाकूड मात्र ओल धरते, फुगते, सुकले की आकसते. दार आज नीट बसले तर पावसाळ्यानंतर घासेल. वार्निश ठराविक मुदतीने पुन्हा लावावे लागे आणि हा खर्च व कटकट मालकाच्या गळ्यात. बनविताना मजुरीही फार.

सन १९४७ मध्ये कंपनीने महॉगनीच्या जागी डाय-नॉक नावाचा कागदासारखा पातळ थर वापरण्यास सुरुवात केली. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेल्या. आमच्या कापडबाजारात विणलेली किनार आणि छापील किनार यांत जो फरक, तोच हा. दुकानात लांबून दोन्ही सारख्या दिसतात.

सन १९४६ ते १९४८ या तीन वर्षांत उघड्या टपाच्या ८,००० हून थोड्या अधिक गाड्या बनल्या. सन १९४९ मध्ये सुमारे एक हजार, तर १९५० मध्ये बंद टपाच्या सुमारे सातशे निघाल्या आणि खऱ्या लाकडाचा कारभार आटोपला. नाव मात्र २०१६ पर्यंत चालले. सन १९८३ ते १९८६ मध्ये याच नावाची उघड्या टपाची छोटी गाडी आली, तिच्यावर लाकडाची फक्त नक्कल होती. नक्कल स्वस्त पडते हे खरे. पण लाखाची बोली लागते ती खऱ्या लाकडाच्या गाडीला.

दुरुस्तीचा हिशेब

अशी गाडी पुन्हा उभी करणे म्हणजे वरून पॉलिश मारणे नव्हे. ट्रकची बॉडी लाकडात बांधणारे सुतार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच समजेल. पाणी खालच्या सांध्यांत साचते, म्हणून कूज तेथून सुरू होते. वरचे वार्निश चकचकीत असले तरी जाणकार खालच्या सांध्यात टोच्या दाबून पाहतो.

उलगडताना प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात, फोटो काढतात. कुजलेला तुकडाही फेकत नाहीत, कारण नव्या तुकड्याचा नमुना तोच असतो. तो फेकला की माप गेले. नवे तुकडे आधी सरसाशिवाय जोडून पाहतात. दार चौकटीत टांगून फट सगळीकडे सारखी आहे याची खात्री पटली, की मगच सांधे चिकटवितात. आधी चिकटवून नंतर दार बसवू पाहणाऱ्याला सारे काम पुन्हा करावे लागते. शेवटी जहाजाला लावतात तशा वार्निशचे हात, एकावर एक, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर. जेथे मूळचे चांगले लाकूड वाचविता येते तेथे ते वाचविले जाते, कारण खरीदार त्याचीही किंमत मोजतो.

आमचे म्हणणे

यातून आमच्या कारागीर बंधूंना तीन गोष्टी घेता येतील. पहिली, उघडल्याशिवाय आतली कूज दिसत नाही, म्हणून जुन्या मालाच्या दुरुस्तीचा सौदा ठोक रकमेत करू नये. उघडण्याची मजुरी वेगळी आणि बांधण्याची वेगळी सांगावी. दुसरी, केलेल्या कामाचे फोटो आणि मापे जपावीत. पॉलिशखाली गेलेली मेहनत गिऱ्हाइकाला दिसत नाही, ती दाखविण्याचा पुरावा हाच. तिसरी, माल विकतानाच देखभाल कशी करावी आणि तिला खर्च किती येईल हे साफ सांगावे. लाकडी मोटार बाजारातून गेली ती लोकांना आवडत नव्हती म्हणून नव्हे. तिची मजुरी कारखान्याला जड झाली आणि निगा मालकाला.

जो कारागीर माल विकल्यानंतर त्याच्या निगराणीचे कामही स्वतःकडे ठेवतो, त्याचे गिऱ्हाईक दरवर्षी परत त्याच्याच दारात येते. छापील किनारीच्या दुकानदाराला हे भाग्य नाही.