कॅममधले शॉर्टकट: वेळ कुठे वाचतो, कुठे वाया जातो

दहिसर चेकनाका ओलांडून मीरा रोडकडे वळले की पेणकरपाडा लागतो. इथे राहत्या इमारतींना लागूनच औद्योगिक गाळे आहेत. मीरा-भाईंदर म्हटले की बाहेरच्यांना भाईंदरची स्टीलची भांडी आठवतात. भांड्याची डाय असो, प्लास्टिकचा मोल्ड असो की मशिनचा सुटा भाग, हे काम आता सीएनसीवरच होते. छोट्या गाळ्याचे चित्र सगळीकडे साधारण सारखेच असते: एक-दोन व्हीएमसी, एक संगणक, आणि प्रोग्राम काढणारा व जॉब लावणारा माणूस बहुधा एकच. तो संगणकावर बसला की मशिन थांबते आणि मशिनवर गेला की पुढचा प्रोग्राम अडकतो. म्हणून कॅम सॉफ्टवेअरमध्ये वेळ वाचवणे हा इथे थेट रोजीरोटीचा प्रश्न आहे. या विषयावर गाळ्यागाळ्यांत जे ऐकू येते त्यातले बरेचसे अर्धवट खरे असते. असे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: कीबोर्डच्या कळा पाठ असल्या की प्रोग्रामर वेगवान होतो.

वस्तुस्थिती: कळा शिकाव्यात, पण मोजक्याच. मास्टरकॅममध्ये एफ ४ दाबून मापे तपासणे, एफ ९ ने अक्ष दाखवणे आणि ऑल्ट-टी ने टूलपाथ दाखवणे-लपवणे, फ्यूजनमध्ये एस दाबून नेहमीच्या आज्ञांची चौकट उघडणे, एवढ्याने रोजची बरीच धावपळ कमी होते. मात्र एका कळीने वाचतात ते काही सेकंद. वेळ खरा जातो तो विचारात: या टूलला फीड किती द्यायचे, खोली किती घ्यायची, होल्डर कुठे आदळेल का, मागच्या वेळी याच मटेरियलला आपण काय केले होते. हे निर्णय दर जॉबला नव्याने घेतले जातात आणि सकाळ तिथेच संपते. एकदा नीट घेतलेला निर्णय जपून ठेवणे आणि पुढच्या जॉबला तोच वापरणे, हा कॅममधला सर्वांत मोठा शॉर्टकट आहे.

याची सुरुवात टूल लायब्ररीपासून करावी. सॉफ्टवेअरसोबत आलेली हजार टूलची यादी बाजूला ठेवा आणि आपल्या कपाटात खरोखर असलेली टूलच नोंदवा. प्रत्येकासोबत होल्डर, बाहेर निघणारी लांबी आणि आपल्या मशिनवर पटलेले फीड-स्पीड मटेरियलनुसार लिहा. रोज लागणारी दहा-बारा टूल मॅगझिनमध्ये कायमच्या जागी बसवा आणि लायब्ररीतही त्यांना तोच क्रमांक द्या. टी ३ म्हणजे १० मिलिमीटरची एंडमिल असे एकदा ठरले की ते टूल झिजेपर्यंत पुन्हा टच-ऑफ करावे लागत नाही. यात संगणकावरचा वेळ वाचतो आणि मशिनवरचाही.

गैरसमज २: आमचा प्रत्येक जॉब वेगळा, आम्हाला टेम्प्लेट कशाला?

वस्तुस्थिती: जॉब वेगळा असला तरी त्यातली कामे तीच असतात. एम ६ चा आटा पाडायचा तर सेंटर ड्रिल, ५ मिलिमीटरचे ड्रिल, चॅम्फर आणि टॅप हा क्रम ठरलेला आहे. एम ८ ला ६.८ चे ड्रिल लागते, एम १० ला ८.५ चे. हे चार ऑपरेशन एकदा टेम्प्लेट म्हणून साठवले की पुढच्या जॉबमध्ये फक्त भोके निवडायची. प्लेट सपाट करणे, बाहेरचा कंटूर काढणे, पॉकेट उकरणे, डायचे रफिंग-फिनिशिंग यांचेही टेम्प्लेट करता येतात.

या कल्पनेचा एक धागा मुंबईतच सापडतो. गोदरेज समूहातून उभी राहिलेली जिओमेट्रिक ही मुंबईची सॉफ्टवेअर कंपनी कॅमवर्क्स हे उत्पादन चालवत असे. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलमध्ये विलीन झाली. पुढे सॉलिडवर्क्सने आपल्या वापरकर्त्यांना जे सॉलिडवर्क्स कॅम दिले, त्याचा गाभाही कॅमवर्क्सचाच आहे. हे सॉफ्टवेअर मॉडेलमधली भोके, खाचा, पॉकेट आपोआप ओळखते आणि त्यांच्या मशिनिंगची पद्धत आपल्याजवळच्या तांत्रिक डेटाबेसमधून उचलते.

त्यातून दुसरा गैरसमज जन्मतो: बटण दाबले की प्रोग्राम तयार. पण डेटाबेसमध्ये कंपनीने भरलेली मूल्ये सर्वसाधारण असतात. तुमचा स्पिंडल किती ताकदीचा, व्हाइस किती घट्ट, कूलंट कसे, हे त्याला ठाऊक नसते. ती मूल्ये आपल्या अनुभवाने बदलून ठेवली तरच आपोआप निघालेला टूलपाथ चालवण्याजोगा होतो. नाहीतर दुरुस्त्या करण्यातच वाचलेला वेळ निघून जातो.

गैरसमज ३: फीड कमी ठेवले की टूल टिकते.

वस्तुस्थिती: रफिंगमध्ये हा समज सर्वाधिक वेळ खातो. मास्टरकॅमचे डायनॅमिक, फ्यूजनचे अॅडॅप्टिव्ह आणि सॉलिडकॅमचे आयमशिनिंग यांचे तत्त्व एकच: टूल धातूत किती रुतलेले आहे ते प्रमाण सतत जवळपास सारखे ठेवायचे. त्यामुळे कोपऱ्यात टूलवर अचानक भार येत नाही. खोली जास्त आणि बाजूचा घास लहान घेता येतो.

पण घास लहान झाला की चिपही पातळ होते. १२ मिलिमीटरच्या एंडमिलने बाजूला १.२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या १० टक्के घेतले, तर दाताला ०.०५ मिलिमीटर फीड देऊनही चिपची जाडी ०.०३ मिलिमीटरच भरते. म्हणजे टूल कापण्याऐवजी घासू लागते, उष्णता वाढते आणि धार लवकर जाते. ३०४ स्टेनलेस तर घासल्याने कामाच्या जागीच कडक होते. चिप पुन्हा ०.०५ ची हवी असेल तर फीड दाताला सुमारे ०.०८३ ठेवावे लागते. १२० मीटर प्रतिमिनिट वेगाला या एंडमिलचे फेरे सुमारे ३,१८० होतात. चार दातांच्या टूलला टेबल फीड ६४० च्या आसपास दिसत होते, ते १,०६० वर जाते. वेळ वाचतो आणि टूलही जास्त चालते. अर्थात मशिन, होल्डर आणि जॉबची पकड मजबूत असेल तरच. फीड टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि आवाज व चिपचा रंग पाहत राहावे.

याच्याच जोडीचा समज म्हणजे टूल बदलण्याचा वेळ वाचवायला सगळे काम एकाच छोट्या एंडमिलने करणे. एटीसीला टूल बदलायला काही सेकंद लागतात. मोठ्या टूलने मुख्य माल काढून, उरलेल्या कोपऱ्यांनाच छोटे टूल लावणारे रेस्ट मशिनिंग बहुतेक जॉबमध्ये लवकर संपते. त्यासाठी आधीच्या ऑपरेशननंतर उरलेला स्टॉक सॉफ्टवेअरला नीट सांगावा लागतो. नाहीतर टूल हवेतच फिरत राहते.

गैरसमज ४: स्टेपओव्हर आणि टॉलरन्स जितका बारीक, तितके फिनिश चांगले.

वस्तुस्थिती: बॉलनोजने सपाट भागावर फिनिशिंग करताना दोन फेऱ्यांमध्ये राहणाऱ्या उंचवट्याचा हिशेब सोपा आहे: स्टेपओव्हरचा वर्ग भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट. १० मिलिमीटर व्यासाच्या बॉलनोजला ०.४ चा स्टेपओव्हर दिला तर उंचवटा ४ मायक्रॉन राहतो. ०.२ दिला तर १ मायक्रॉन, पण फेऱ्या दुप्पट होतात. ज्या पृष्ठभागाला पुढे हाताने पॉलिश लागणारच आहे, तिथे तीन मायक्रॉनसाठी मशिन दुप्पट वेळ चालवायचे का, हे जॉब पाहून ठरवावे. जिथे मोठा बॉलनोज जातो तिथे तो वापरावा. तेवढाच उंचवटा ठेवून फेऱ्या कमी होतात.

टॉलरन्सचेही तसेच. तो दहा पटींनी कडक केला की वक्र रेषेवरचे बिंदू तिपटीहून थोडे अधिक होतात, गणना लांबते आणि फाइल फुगते. जुन्या कंट्रोलला आरएस-२३२ केबलने ९६०० बॉडवर प्रोग्राम पाठवत असाल, तर सेकंदाला साधारण ९६० अक्षरे जातात, म्हणजे वीस अक्षरांच्या ४८ ओळी. प्रत्येक ओळीत टूल ०.१ मिलिमीटरच सरकत असेल, तर प्रोग्राममध्ये २,००० फीड लिहिले तरी प्रत्यक्षात मिनिटाला २९० मिलिमीटरच्या पुढे जाता येत नाही. मशिन अडखळत चालते आणि पृष्ठभागावर खुणा उमटतात. रफिंगला सैल टॉलरन्स, फिनिशिंगला जॉबच्या मापाला शोभेल एवढाच कडक, आणि छोट्या सरळ तुकड्यांचे चाप करणारा फिल्टर चालू ठेवणे, एवढे केले तरी ही अडचण बरीच सुटते.

गैरसमज ५: सिम्युलेशन पाहिले, आता मशिनवर बघायची गरज नाही.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअरमधले नेहमीचे व्हेरिफाय बहुधा टूलपाथ तपासते. मशिनला जाणारा जी-कोड पोस्ट प्रोसेसरमधून नंतर निघतो. शिवाय मशिनवर जी ५४ चा झिरो चुकीच्या कोपऱ्यावर घेतला गेला, किंवा जी ४३ सोबतचा एच क्रमांक दुसऱ्याच टूलचा असला, तर पडद्यावर सगळे निर्दोष दिसूनही टूल व्हाइसमध्ये घुसते.

तरी सिम्युलेशन वेळखाऊ म्हणून ते गाळणे हा सर्वांत महागडा शॉर्टकट आहे. एका टकरीत टूल, होल्डर, जॉब आणि कधी स्पिंडलही जातो. वेळ वाचवायचा असेल तर तपासणी ठरावीक करा: होल्डर आणि व्हाइससह सिम्युलेशन, मग प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ओळी डोळ्यांखाली, मग मशिनवर रॅपिड कमी ठेवून सिंगल ब्लॉकमध्ये प्रत्येक टूलची पहिली उतरण. सेटरच्या हाती सेटअप शीट द्या आणि त्यावर झिरोची जागा, टूलची यादी व बाहेर निघणारी लांबी लिहा. बहुतेक सॉफ्टवेअर हे शीट आपोआप काढून देतात.

गैरसमज ६: पोस्टमध्ये थोडी चूक आहे, पण नोटपॅडमध्ये बदलले की झाले.

वस्तुस्थिती: दर प्रोग्रामला हाताने तीच ओळ बदलणे म्हणजे रोज त्याच चुकीला दार उघडे ठेवणे. जॉबमध्ये बदल आला, पुन्हा पोस्ट काढले आणि ती दुरुस्ती विसरली, की नुकसान ठरलेले. फानुक, सीमेन्स आणि मित्सुबिशी यांच्या सायकल व आज्ञांमध्ये फरक असतो. म्हणून मशिनगणिक वेगळे पोस्ट लागते. विक्रेत्याकडून किंवा जाणकाराकडून ते एकदाच बरोबर करून घ्यावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

नीट पोस्ट असले की इतर सवलतीही मिळतात. एकाच प्लेटवरच्या पन्नास भोकांना जी ८१ किंवा जी ८३ ची सायकल वापरली की प्रोग्राम लहान होतो आणि ऑपरेटरला मशिनवर खोली सहज बदलता येते. एका वेळी चार व्हाइसवर तेच काम असेल तर जी ५४ ते जी ५७ चे ऑफसेट आणि एम ९८ ने बोलावलेला उपप्रोग्राम पुरतो. जॉब चार वेळा प्रोग्राम करावा लागत नाही.

गैरसमज ७: महाग ग्राफिक कार्ड घेतले की टूलपाथ झटपट निघतो.

वस्तुस्थिती: ग्राफिक कार्डाचा उपयोग मुख्यतः मॉडेल फिरवताना आणि सिम्युलेशन पाहताना होतो. टूलपाथची गणना प्रामुख्याने प्रोसेसर आणि रॅमवर चालते. पैसे आधी तिथे घालावेत. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गरज नसलेली भोके व फिलेट गणनेतून वगळणे आणि मोठी गणना जेवणाच्या सुट्टीत लावणे.

गैरसमज ८: फुकटच्या आवृत्तीवर धंदा भागतो.

वस्तुस्थिती: फ्यूजनचा वैयक्तिक वापराचा मोफत परवाना व्यावसायिक कामासाठी नाही. २०२० पासून त्यातून निघणाऱ्या प्रोग्राममध्ये रॅपिड हालचाली साध्या फीडने होतात आणि आपोआप टूल बदलण्याची सोयही मिळत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरवर वाचवलेला पैसा मशिनच्या प्रत्येक तासात परत जातो. चोरीची आवृत्ती तर कायद्याने गुन्हा आहे आणि ऐन डिलिव्हरीच्या दिवशी ती बंद पडली तर मदतीला कोणी येत नाही. शिकण्यासाठी मोफत परवाना उत्तम. धंद्यासाठी मात्र आपल्या कामापुरते छोटे पॅकेज रीतसर घ्यावे. तीन अक्षांचेच काम असेल तर पाच अक्षांचे पैसे भरण्याचे कारण नाही. प्रशिक्षण हवे असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्था कॅड-कॅमचे अभ्यासक्रम चालवतात.

या सगळ्याचा निष्कर्ष एकच: तपासणी गाळून वाचवलेला वेळ उसना असतो, आणि अनुभव नोंदवून वाचवलेला वेळ कायमचा आपला होतो. छोट्या गाळ्यात हे ज्ञान बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच्यासोबत निघून जाते. म्हणून गाळामालकांना एक आग्रहाची विनंती: या आठवड्यात प्रोग्रामरला एक दुपार मोकळी द्या. त्या दुपारी नवा जॉब नको. त्याने फक्त कपाटातली टूल लायब्ररीत नोंदवावीत, आट्यांचे टेम्प्लेट बनवावेत आणि पोस्टमधली रोज छळणारी चूक लिहून काढावी. ती दुपार पुढच्या प्रत्येक जॉबमध्ये तुम्हाला परत मिळेल.