सेऊलच्या प्रवासाची सिद्धता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पेठ येथील एक शेतकरी गृहस्थ सपत्नीक आमच्या घरी आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी. चाकणच्या एका कारखान्यातून तो दक्षिण कोरियाच्या राजधानीत, म्हणजे सेऊल येथे, कामास गेला असून हल्ली तेथेच सहकुटुंब राहतो. नातू दोन वर्षांचा झाला, तरी आजीआजोबांनी त्यास अद्याप पाहिलेले नाही. गृहस्थांच्या हाती कोणा दलालाने दिलेली यादी होती; तीत प्रेक्षणीय स्थळे चाळीस. "गुरुजी, एवढं आठ दिवसांत कसं बघून व्हायचं?" असे बाईंनी विचारले. आम्ही ती यादी बाजूस ठेवली आणि आधी कागद पाहावयास मागितले. त्या दिवसापासून जी माहिती आम्ही जमविली, ती आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीही आज ना उद्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो. चाकण, तळेगाव, रांजणगाव या टापूत कोरियन कारखाने उभे राहिल्यापासून तो देश आपणांस पूर्वीइतका दूरचा राहिलेला नाही.

भारतीय मनुष्यास तेथे जाण्यास व्हिसा, म्हणजे प्रवेशाचा परवाना, आगाऊ काढावा लागतो. त्या देशाची वकिलात मुंबईत आहे. आमच्या या स्नेह्यांचा पहिला अर्ज नामंजूर होऊन आला होता. कारण विचारता दलालाने हात वर केले. परंतु कागद नुसते शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दोन वैगुण्ये आमच्या ध्यानात आली. एका कागदावर मालकिणीच्या नावापुढे 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर इंग्रजी अक्षरे निराळी. परक्या अधिकाऱ्यास त्या तीन स्त्रिया वाटल्या तर नवल काय? दुसरे असे की, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे विवरणपत्र भरलेले नव्हते, आणि त्याऐवजी काहीच जोडलेले नव्हते. शेतकऱ्याने अशा वेळी सातबाराचा उतारा इंग्रजी भाषांतरासह, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचा सहा महिन्यांचा हिशेब, तसेच मुलाचे निमंत्रणपत्र व त्याच्या नोकरीचा दाखला जोडणे इष्ट. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशीचे नियम स्वतः पाहून घ्यावेत, दलालाच्या तोंडी विसंबू नये. परवाना हाती येण्यापूर्वी विमानाचे परत न घेतले जाणारे तिकीट काढणे हा तर शुद्ध अविचार होय.

मग ऋतूचा विचार. सेऊलला जानेवारीत सरासरी उष्णमान शून्याच्याही खाली असते. सैबेरियाकडून येणारे वारे हाडे गोठवितात. वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पडतो व तेव्हा उकाडाही असह्य होतो. उरले दोन सुकाळ: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरात तेथील डोंगर तांबड्यापिवळ्या पानांनी भरून जातात, आणि जाणकार त्याच महिन्याची शिफारस करतात. परंतु आमच्या सातगाव पठारावर तो काळ बटाट्याच्या काढणीचा! काढणी टाकून पाने पाहावयास जाणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही. तेव्हा एप्रिलचा पहिला पंधरवडा ठरला. त्या सुमारास तेथे चेरीची झाडे फुलतात, आणि इकडे रब्बीची सुगी आटोपलेली असते. सकाळसंध्याकाळ थंडी असते, सबब लोकरी बंडी हवीच.

दिल्लीहून थेट विमानाने सुमारे सात तास लागतात. विमान उतरते ते इंचॉन येथे. समुद्रातील दोन बेटांमधली जागा भरून काढून हा तळ बांधला व २००१ साली खुला केला. तेथून शहरात येण्यास आगगाडी आहे. घड्याळ साडेतीन तास पुढे करावे. एका रुपयास सुमारे १६ वोन मिळतात, भाव मात्र चढउतार होतो. हजाराच्या नोटा पाहून आपण धनाढ्य झालो असे वाटते. तो भ्रम पहिल्याच जेवणाच्या वेळी उतरतो. आमरस-लोणच्याचा विचार करणाऱ्या माउलींसाठी एक सूचना: ताजी फळे, बी-बियाणे, माती व मांसाचे पदार्थ तेथे सोबत नेण्यावर कडक निर्बंध आहेत. नातवासाठी हापूसची पेटी न्यावी हा बाईंचा बेत यामुळे मोडला, व त्याचे त्यांना अर्ज नामंजूर झाल्याहून अधिक वाईट वाटले.

जेवणात भात आपल्या आंबेमोहरासारखा मऊ व चिकट असतो. शाकाहारी मनुष्याने मात्र सावध राहावे. किमची हे कोबीचे आंबवलेले लोणचे दिसावयास निरुपद्रवी, पण त्यात बहुधा मासळीचा अंश असतो.

आता भाषा. हा भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटला. तेथील लिपी राजा सेजोंग याने १४४३ साली सिद्ध केली व १४४६ साली प्रजेस दिली. चिनी अक्षरे शिकण्यास ज्यांना सवड नाही अशा सामान्य जनांसाठी. दहा हजार वोनच्या नोटेवर याच राजाचे चित्र आहे. हल्ली १४ व्यंजने व १० स्वर वापरात आहेत. व्यंजनांच्या आकृती उच्चारस्थानावरून घेतल्या आहेत: 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. व्यंजन व स्वर जोडून एकेक चौकोनी अक्षर होते, म्हणून ज्याने बाराखडी घोकली त्यास ही लिपी आठवड्याभरात वाचता येते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून लागतात, आणि वडिलांशी बोलताना आदराची रूपे निराळी; या तिन्ही बाबतीत मराठी माणसास इंग्रजीपेक्षा तेथे घरच्यासारखे वाटेल. लहान मूल बापास 'अप्पा' अशीच हाक मारते! ज्यांना लिपी जमणार नाही त्यांनी भुयारी रेल्वेत रंग व आकडा ध्यानात ठेवावा. प्रत्येक मार्गास रंग आहे व प्रत्येक स्थानकास क्रमांक.

स्थळांपैकी आम्ही चाळिसांतून तीन ठेविली. पहिले ग्यॉंगबोक राजवाडा. १३९५ साली बांधलेला, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळालेला व १८६७ साली पुन्हा उभारलेला. मंगळवारी तो बंद असतो. पुढे जपानी सत्तेने त्याच्याच पुढ्यात आपली कचेरी बांधली. ती कोरियन लोकांनी १९९५ साली पाडावयास घेतली. दुसरे चॉंगडॉंग ही गल्ली, आणि तिच्यासाठी आमचा आग्रह होता. १८८५ च्या ईस्टरच्या दिवशी अपेंझेलर व अंडरवुड हे मिशनरी या देशात उतरले. अपेंझेलर यांनी त्याच वर्षी मुलांची शाळा काढली, आणि १८८६ साली मेरी स्क्रँटन यांनी एकाच विद्यार्थिनीस घेऊन मुलींची. तीच आज ईव्हा विद्यापीठ म्हणून विख्यात आहे.

तिसरे योंगसानचे युद्धस्मारक. १९५० ते ५३ च्या युद्धात वैद्यकीय पथके पाठविणाऱ्या राष्ट्रांत तेथे भारताचे नाव आहे. परंतु त्याहून आम्हांस आठवतात ते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. युद्ध थांबल्यावर, मायदेशी परत जाऊ न इच्छिणाऱ्या सुमारे २३ हजार कैद्यांची राखण १९५३ साली त्यांच्या हाताखालील भारतीय दलाकडे आली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी या सैनिकांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवण्याची मनाई केली. तेव्हा त्यांना इंचॉनच्या समुद्रावरून हेलिकॉप्टरने उचलून, सेऊलच्या उत्तरेस असलेल्या सीमापट्टीत उतरवावे लागले. जे गाव हजारो भारतीय जवानांना आकाशातूनच ओलांडावे लागले, तेथे आता पेठेची एक आजी भुयारी रेल्वेने फिरणार, असे आम्ही बोलून गेलो. "परवाना आल्यावर, गुरुजी," असे बाईंनी आम्हांस सुधारले.

नाव सर्व कागदांवर एकसारखे करून घेण्यास तीन महिने गेले. दुसरा अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला आहे. उत्तर यावयाचे आहे. बाईंनी मुलाच्या घराजवळील स्थानकाचे नाव कोरियन अक्षरांत एका पुठ्ठ्यावर स्वहस्ते उतरून घेतले आहे, व खाली क्रमांक घातला आहे. तो पुठ्ठा देवघराजवळच्या खुंटीस टांगलेला आम्ही परवा पाहिला.