एकेकट्या पास, एकत्र नापास

सॉफ्टवेअरच्या नोकरीत नुकत्याच रुजू झालेल्या एका वाचकाने विचारलं आहे: आमचे टेस्ट क्लास एकेक करून चालवले तर सगळे पास होतात, एकत्र चालवले की दोन-तीन नापास. असं का?

बारावीच्या प्रॅक्टिकलमधला ब्युरेट आठवा. आधीच्या बॅचने तो न धुता ठेवला, तर तुमची कृती बिनचूक असूनही रीडिंग चुकतं. टेस्टचंही तसंच. जेयुनिट, म्हणजे जावामधल्या टेस्ट चालवणारं साधन, प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचं कोरं ऑब्जेक्ट बनवतं. पण स्टॅटिक व्हेरिएबल, डेटाबेसमधल्या नोंदी, डिस्कवरच्या फाइली कोण धुणार? ते काम टेस्ट लिहिणाऱ्याचं.

हे जेयुनिट जन्मलं 1997 मध्ये, झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात. केंट बेक आणि एरिक गामा हे दोन प्रोग्रॅमर शेजारी बसून कोड लिहीत होते. त्यातली मला सर्वांत आवडणारी कल्पना म्हणजे एकटी टेस्ट आणि टेस्टचा अख्खा संच, म्हणजे सूट, बाहेरून सारखेच दिसतात. दोघांनाही फक्त ‘रन’ म्हणायचं. त्यामुळे सूटमध्ये सूट, त्यात आणखी सूट, कितीही घाला. चालवणाऱ्याला फरक पडत नाही. केवढी सुंदर रचना! मात्र जेयुनिटच्या कौतुकात स्मॉलटॉक भाषा विसरली जाते, हा अन्याय आहे. बेकने स्मॉलटॉकसाठी एसयुनिट हे असंच साधन आधीच लिहिलं होतं आणि 1994 मध्ये त्यावर लेखही छापला होता. जेयुनिटचा साचा तिथलाच.

एकत्र चालवताना क्रमही महत्त्वाचा ठरतो. जावामध्ये मेथड कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी कधीच नव्हती, तरी बहुधा त्या लिहिलेल्या क्रमाने मिळत आणि लोक त्यावर विसंबले. 2011 मध्ये जावा 7 आलं, क्रम बदलला आणि वर्षानुवर्षं पास होणाऱ्या टेस्ट कोसळल्या. पुढच्या वर्षी जेयुनिट 4.11 ने क्रम पक्का केला. माझ्या मते त्यामुळे गोंधळ थांबला, पण एकमेकींवर अवलंबून असलेल्या टेस्ट झाकल्याही गेल्या.

म्हणून प्रश्नकर्त्याला सांगणं एवढंच: ‘पुन्हा चालवली, झाली पास’ म्हणून सोडून देऊ नका. जेयुनिट 5 मध्ये क्रम मुद्दाम पिसता येतो. तो पिसा, नापास टेस्टच्या आधी कोणती चालली ते पाहा आणि तिने मागे काय ठेवलं ते शोधा. कधीकधी दोष टेस्टमध्ये नसून खऱ्या कोडमधल्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये सापडतो, आणि तो ग्राहकाकडेही तसाच उपटणार असतो.