माळावर एकटीनं

“सोबत कोण आहे?”

बाईमाणूस घराबाहेर पडायला निघालं, की हा प्रश्न उंबऱ्यातच उभा असतो. बाजाराला, दवाखान्यात, माहेरी जायचं असलं तर त्याला काहीतरी उत्तर देता येतं. पण ‘पहाटे पाचला मोटार घेऊन माळावर पाखरांचे फोटो काढायला चालले आहे’ असं सांगून पाहा! माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, पाखरं काय अंगणात येत नाहीत?”

येतात की. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, सुगरणही येते. पण पखुर्डी अंगणात येत नाही, धाविक येत नाही. त्यांच्यासाठी त्यांच्याच दारी जावं लागतं, आणि तेही एकटीनंच. हे एकटीचं प्रकरण मी हौसेनं किंवा हट्टानं सांगत नाही, त्याला कारण आहे. ते पुढं येईलच.

हल्ली आपल्यातल्या पुष्कळ जणी वाळवंट पाहायला म्हणून जैसलमेरला किंवा कच्छच्या रणात जाऊन येतात. जरूर जावं. आपल्या जालना जिल्ह्यात काही वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आपल्याकडे सरासरीनं त्याच्या तिप्पट तरी पडतो (पडतो त्या वर्षी!). पण जिल्ह्यात जिथं काळी जमीन संपून मुरूम आणि खडक वर आलेत, जिथं नांगर चालत नाही, तिथं कुसळी गवत, तरवड, बोरी आणि हिवराची खुरटी झाडं यांचा जो माळ आहे, त्याच्यावर राहणारी कितीतरी पाखरं राजस्थानातल्या वाळवंटाच्या कडेलाही राहतात. पखुर्डी तिथं आहे, इथं आहे. धाविक तिथं आहे, इथं आहे. जमिनीच्या रंगाचे चंडोल आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे तिथल्या गवतावर जसे खाली खाली तरंगतात, तसेच आपल्याकडंही तरंगतात. हजार किलोमीटर न जाता घरापासून तासाभरात हे पाहायला मिळतं, आणि आपण त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो.

आता एकटीचं कारण. झाडावरचं पाखरू पानाआड लपतं. माळावरच्या पाखराला लपायला पानच नाही. त्याचा बचाव म्हणजे मातीच्या रंगात मिसळून गप्प बसणं, नाहीतर तुरुतुरु पळणं. माणूस चालत येताना दिसला की ते शंभर पावलांवरूनच पळतं. मात्र मोटारीला ते फारसं भीत नाही. हळू येऊन थांबलेली, इंजिन बंद केलेली मोटार त्याच्या लेखी एखाद्या बसलेल्या म्हशीसारखी असते. दहा मिनिटांत ते आपल्या कामाला लागतं. पण मोटारीत चौघी असल्या तर एकीला उकडतं, दुसरीला चहा हवा असतो, तिसरीचा मोबाइल वाजतो, दार उघडतं आणि खेळ संपतो. एकटी असलं की मोटार हीच आपली लपायची जागा होते.

गंमत अशी, की पाखरांसाठी जो नियम, तोच आपल्या सुरक्षिततेचा. मोटारीतून उतरायचं नाही, दारं आतून लावलेली, काच फक्त एका बाजूची खाली, मोटारीचं तोंड परतीच्या रस्त्याकडे. घरच्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा विरोध निम्मा कमी झाला. उरलेला निम्मा फोटो पाहून गेला.

कॅमेरा, मोटार आणि एकटी बाई हे त्रिकूट काही नवं नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरा टाकून काम करायच्या. त्यांच्या मोटारीचा नंबर होता डी. एल. डी. १३. त्यावरूनच त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतलं. त्या काळात ‘सोबत कोण?’ हे त्यांना किती जणांनी विचारलं असेल!

पहिल्या खेपेला फार लांब जाऊ नये. जालन्यात राहणाऱ्या बायकांना घाणेवाडीचा तलाव जवळचा. निजामाच्या काळात बांधलेल्या या तलावानं शहराला कितीतरी वर्षं पाणी पाजलं. २०१२–१३ च्या दुष्काळात तो कोरडा पडला, तेव्हा लोकांनी पुढं होऊन गाळ उपसला, हे पुष्कळांना आठवत असेल. हिवाळ्याच्या सकाळी काठाकाठानं मोटार हळू नेऊन कॅमेऱ्याचा हात बसवून घ्यावा. इथं बगळे, वंचक, टिटव्या आहेत. ही शांत बसणारी गिऱ्हाइकं आहेत, नवख्या हाताला सांभाळून घेतात.

हात बसला की मग मंठ्याचा रस्ता. जालन्याहून वाटूर फाटा, तिथून मंठा, पुढं तळणीवरून बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आत. अंधार असताना निघावं म्हणजे उजाडायला आपण शहराच्या बाहेर असतो. सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास फोटोचे. तिरप्या उन्हात कुसळाची टोकं पेटल्यासारखी दिसतात, दगडाच्या लांब सावल्या पडतात. एरवी भकास वाटणारा माळ त्या वेळी पाहावा. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि पाखराच्या अंगावर सरळ मोटार न घालता तिरपं तिरपं, थांबत थांबत जवळ जायचं.

तारेवर नीलपंख असतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ म्हणून आपण मान वर करून शोधतो, पण तो हिवाळाभर असतो. बसलेला असताना मातकट, उडाला की पंखात निळाईचे दोन पट्टे. बोरीच्या शेंड्यावर खाटीक बसलेला असतो. पाखराला असं नाव पडलं, कारण तो धरलेले किडे काट्याला खोचून ठेवतो. उघड्या मुरमावर धाविक दिसतो. चार पावलं पळायचं, थबकायचं, वाकून काही टिपायचं, पुन्हा पळायचं. डोंबारी नावाचा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकणार एवढ्यात पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्यानं काय नेमकं ठेवलंय! मारुती चितमपल्लींनी अशी नावं ‘पक्षिकोशा’त गोळा करून ठेवली, म्हणून ती आपल्याला सापडतात. ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात. शेतकऱ्याची त्या लूट करतात खरी, पण टोळ आणि नाकतोडेही त्याच खातात.

मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची ती पखुर्डी. ऊन थोडं वर आलं की, आठ-नऊच्या सुमारास, ती पाण्यावर येते. एखादं शेततळं किंवा ओढ्यातलं डबकं हेरून मोटार लांब उभी करून ठेवावी. आधी आवाज येतो, मग जोड्या-जोड्यांनी पाखरं उतरतात, घाईघाईनं घोट घेतात आणि जातात. पिल्लं असली तर नर पाण्यात पोट बुडवून अंग हलवत राहतो. त्याची पोटाची पिसं टिपकागदासारखी पाणी धरून ठेवतात. तो तसाच भिजल्या अंगानं उडत जातो आणि माळावरची पिल्लं त्याची पिसं चोखून पाणी पितात. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथं पाणी वाहतो बाप.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. मोबाइलवर माळाचे देखावे उत्तम निघतात, पण पाखरू म्हणजे ठिपका. चारशे मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, किंवा लांबचं जवळ ओढणारी लेन्स अंगचीच असलेला कॅमेरा हवा. उडत्या पाखरासाठी वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. लेन्स काचेच्या कडेवर टेकवायला उशी लागते. ती विकत आणू नका. जुन्या विजारीचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवायची, आत दोन किलो ज्वारी भरायची. चार कडुनिंबाची पानं टाकली तर किडा लागत नाही. वाऱ्यात लेन्स बदलू नये, धूळ आत गेली की बसली. कॅमेऱ्यावर जुना सुती दुपट्टा टाकून ठेवावा. अकरानंतर जमिनीवरून झळा उठतात आणि कितीही भारी कॅमेरा असला तरी चित्र थरथरतं. ती वेळ लोणारसाठी ठेवावी. दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीव काम त्याच वेळी सावकाश पाहून होतं. उल्कापातानं झालेलं ते विवर वरच्या कडेवरून डोळाभर पाहावं, पण खाली एकटीनं उतरू नये. चार माणसं जात असली तर त्यांच्याबरोबर उतरावं.

बरोबर पाच लिटर पाणी, भाकरी-चटणी, हवा भरलेलं जादा चाक आणि ते बदलण्याचा सराव हवा. सराव घरच्या दारात करावा, कारण बाभळीचा काटा टायर ओळखत नाही. डांबरी सोडायची असेल तर फक्त मुरमावर. अवकाळी शिंतोडे पडून गेले असले तर काळ्या मातीत अजिबात मोटार घालायची नाही. ती चाकाला असा लाडू धरते, की बैल आणावे लागतात. कुठल्या रस्त्यानं जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवावं. मोबाइलला सगळीकडं रेंज नसते. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते: आडोसा. त्यासाठी पाणी पिणं बंद करू नका, त्यानं उन्हात डोकं धरतं. पेट्रोल पंप सुटला तर सरळ एखाद्या घरी जाऊन तिथल्या बाईला सांगावं. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट चहा होतो.

गावात आधी बोलून घेतलेलं बरं, याला आणखी एक कारण आहे. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून गेल्यापासून कुणी यंत्र डोळ्याला लावून उभं राहिलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. मेंढरांमागच्या एका बाईनं मला काचेशी येऊन विचारलं होतं, “मोजायला आलाव का ताई? रस्ता कुठून जायलाय?” कॅमेऱ्यातली धाविकाची चित्रं दाखवली तेव्हा ती मोकळी हसली. म्हणाली, “ह्ये व्हय! ह्याची अंडी आमी रोज वलांडतो की.” माळावरच्या कोणत्या दगडापाशी काय बसतं हे तिला जितकं ठाऊक होतं, तितकं माझ्या एकाही पुस्तकात नाही.

तिच्या मेंढरांना आणि त्या धाविकाला एकच माळ लागतो, आणि तो आकसत चाललाय. सरकारी हिशेबात झुडपी जमीन ‘पडीक’ सदरात पडते. मग तिथं काहीही करायला मोकळीक. मुरूम उपसा, शेड घाला, प्लॉट पाडा. चांगल्या मनानंही नुकसान होतं. आपली महिला मंडळं हौसेनं माळावर झाडं लावतात. मैत्रिणींनो, मला राग येईल म्हणा, पण माळावर झाडं लावू नका. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेत लावा, बांधावर लावा. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखराला चारी बाजूंचं दिसावं लागतं. झाड आलं की झाडावर कावळा येतो, आणि कावळ्याला अंडी दिसतात.

माळढोकाचं काय झालं पाहा. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ उरलेला नाही. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आत, तेही बहुतेक जैसलमेरकडं. गवत गेलं, आणि उरलेल्या जागी विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, अंग जड, समोरची तार वेळेवर दिसली तरी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तारांत लक्ष घालावं लागलं. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चाललं आहे. पण ती पिल्लं मोठी होऊन सोडायची कुठं, तर माळावरच.

मेंढरांमागच्या त्या बाईनं निघताना कोकरू पोटाशी धरून फोटो काढायला लावला. “पाखरांचे काढता, ह्याचा बी काढा.” मोबाइलवर पाठवायचं म्हटलं तर तिला ते नको होतं, कागदावरचा हवा होता. पुढच्या खेपेला तो कागदावर काढून घेऊन गेले, पण वाडा हलला होता. शेवटी वाटूर फाट्याच्या हॉटेलात ठेवून आले. महिनाभरानं कळलं की पोचला.

मार्चअखेरीपर्यंत जाता येतं. पुढं भोरड्या आणि भोवत्या परतीला लागतात, आणि माळटिटवी व धाविक उघड्या मुरमावर अंडी घालतात. ती अंडी अगदी खड्यासारखी दिसतात, चाकाखाली आली तरी कळायचं नाही. त्या दिवसांत डांबरी सोडू नये. नंतरची खेप पाऊस संपल्यावर, गवत पिवळं पडायला लागलं की.